हजेरीपत्रक आणि श्वास

प्रशासनाला मोजता येते तेवढेच दिसते, ही आमच्या व्यवसायाची जुनी खोड आहे. किती विहिरी झाल्या, किती रोपे लावली, किती बालकांना लस दिली, हे तालुकावार तक्त्यात बसते आणि म्हणून त्याचा आढावाही होतो. ११ डिसेंबर २०१४ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिवस म्हणून मान्य केला, २०१५ पासून तो साजरा होऊ लागला आणि योग हा विषयही तक्त्यात आला. मैदान, सतरंज्या, ध्वनिक्षेपक, ठरावीक मिनिटांचा सामायिक क्रम, उपस्थितांची संख्या, छायाचित्रे आणि सायंकाळपर्यंत वरिष्ठ कार्यालयाला अहवाल. अशा सोहळ्यांची मला नावड नाही. ज्यांनी आयुष्यात कधी पाठ सरळ करून दोन मिनिटे डोळे मिटले नाहीत, अशी कितीतरी माणसे त्या निमित्ताने एकदा तरी सतरंजीवर बसतात. परंतु योगाचा एक फार महत्त्वाचा उपयोग या तक्त्याच्या बाहेरच राहून गेला आहे. तो म्हणजे चिंता आणि नैराश्य यांनी ग्रासलेल्या माणसाला मिळणारा आधार.

हा विषय प्रशासकाच्या नजरेस सहसा का पडत नाही? माझ्या हाताखालून सुमारे तीस वर्षे कर्मचाऱ्यांच्या रजेचे अर्ज गेले. त्यांत रक्तदाब होता, पाठदुखी होती, पोटाचे विकार होते, ताप तर होताच. "माझे मन आजारी आहे" असे कारण लिहिलेला एकही अर्ज मला आठवत नाही. वास्तविक तलाठ्यापासून पोलीस शिपायापर्यंत कितीतरी जणांच्या चेहऱ्यावर ते कारण स्पष्ट वाचता येत असे. जे अर्जात येत नाही ते नोंदीत येत नाही, आणि जे नोंदीत नाही त्यासाठी तरतूद होत नाही.

या विषयाकडे मी अधिक जवळून पाहू लागलो तो बंगळूरच्या सर्जापूर रोडमुळे. निवृत्तीनंतर तिकडे माझे जाणे-येणे वाढले, कारण माझी भाची तेथे राहते. कोरमंगलच्या सेंट जॉन्स रुग्णालयापासून निघणारा हा रस्ता आगरा, इब्लूर, दोड्डकन्नेल्ली, दोम्मसंद्र अशी गावे मागे टाकीत आनेकल तालुक्यातील सर्जापूरला पोचतो. 'गावे' म्हणायचे ते नावापुरतेच. आता तेथे पंधरा-पंधरा मजल्यांची संकुले, माहिती-तंत्रज्ञानाची कार्यालये आणि शाळांच्या पिवळ्या बसगाड्या आहेत. विप्रोचे मुख्यालय याच रस्त्यावर आहे. जवळच्या बेळ्ळंदूर तलावाच्या पाण्यावरचा फेस रस्त्यावर उडत असे, आणि जानेवारी २०१८ मध्ये त्या तलावाच्या परिसराला लागलेली आग विझवायला लष्कराचे जवान बोलवावे लागले होते. याच रस्त्यावरचा कैकोंद्रहळ्ळी तलाव मात्र रहिवाशांनी महानगरपालिकेला बरोबर घेऊन पुन्हा जिवंत केला. एकाच परिसरातील ही दोन उदाहरणे नगरप्रशासनाच्या विद्यार्थ्याने अवश्य पाहावीत. पुणे, सांगली, नागपूर अशा ठिकाणांहून आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे या संकुलांतून राहतात. पगार चांगला, घर चांगले, आणि आजी-आजोबा, काका-मावशी मात्र एका रात्रीच्या प्रवासाइतकी दूर.

भाचीचे वय चौतीस, एक लहान मुलगी, नवरा-बायको दोघेही नोकरी करणारे. तिचा दिवस येथल्या घड्याळावर आणि रात्र अमेरिकेच्या घड्याळावर चाले. प्रथम इब्लूरच्या सिग्नलला गाडी अडकली की तिची छाती धडधडू लागे, हातपाय गार पडत. हृदयाचा आलेख तीनदा काढला, तिन्ही वेळा निर्दोष आला. मग पहाटे तीनला जाग येऊ लागली. पुढे जेवण, मुलगी, सणवार, कशातच राम वाटेना. माझी बहीण सांगलीहून जाऊन राहिली, तेव्हा कुठे ती मानसोपचारतज्ज्ञाकडे गेली. निदान झाले, गोळ्या व समुपदेशन सुरू झाले. काही आठवड्यांनी डॉक्टरांनीच सुचविले की जोडीला योगाभ्यास करून पाहा.

खरा पेच येथे निर्माण झाला. संकुलातील योगवर्गाच्या शिक्षकांनी तिला सांगितले, "गोळ्या म्हणजे विष. सहा आठवडे नियमित या आणि गोळ्या फेकून द्या." त्या रात्री तिचा मला फोन आला. "मामा, तुम्ही इतकी वर्षे योग करता. तुम्हीच सांगा, गोळ्या सोडू का?"

हा प्रश्न साधा नाही. नैराश्यावरील गोळ्या एकाएकी थांबविल्या तर काहींना भोवळ, अस्वस्थता, निद्रानाश असा त्रास होतो आणि मूळ आजार उलटण्याचा धोका असतो. त्या वेळी तिच्या मनात मधूनमधून जगणे नकोसे झाल्याचे विचार येत होते, हे मला बहिणीकडून ठाऊक होते. मी तिला म्हटले, "गोळ्या सुरू कोणी केल्या? डॉक्टरांनी. मग थांबविण्याचा अधिकारही त्यांचाच. योग मात्र सोडू नकोस." प्रशासनात आदेश ज्या प्राधिकाऱ्याने काढला, तो रद्दही त्यानेच किंवा त्याच्या वरिष्ठाने करायचा असतो. ते तत्त्व येथे चपखल लागू पडले. परंतु केवळ अधिकारवाणीने तिचे समाधान झाले नसते, आणि माझेही नाही. म्हणून या विषयात खरोखर काय तपासले गेले आहे, ते मी वाचू लागलो.

वाचताना पहिला आनंददायक शोध लागला तो हा, की हा प्रश्न शास्त्रीय रीतीने विचारणाऱ्या पहिल्या मंडळींत आपल्या महाराष्ट्रातील माणसे होती. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि योगक्रियांचा शरीरावर होणारा परिणाम उपकरणांनी मोजायला आरंभ केला. पुढे मुंबईच्या केईएम रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञ डॉ. एन. एस. वाहिया यांनी कैवल्यधामच्या डॉ. विनेकरांच्या साहाय्याने हा धागा मानसिक आजारांपर्यंत नेला. त्यांचा निबंध १९६६ साली ब्रिटनमधील मानसोपचाराच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा आणि ध्यान या पाच पायऱ्या त्यांनी उपचार म्हणून वापरल्या. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांनी तुलनाही केली. एका गटाला संपूर्ण क्रम शिकविला, तर दुसऱ्या गटाला बाहेरून तसेच दिसणारे, पण वरवरचे व्यायाम दिले. संपूर्ण क्रम करणाऱ्यांची चिंता व उदासी अधिक उतरली. याचा अर्थ असा की हातपाय वळविणे एवढ्यानेच भागत नाही. लक्ष आत वळणे हा औषधाचा मुख्य घटक आहे.

दुसरे काम खुद्द बंगळूरचे, सर्जापूर रोडपासून फार दूर नसलेल्या निम्हान्समधले. जुने मानसिक रुग्णालय आणि अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था यांच्या एकत्रीकरणातून १९७४ मध्ये ही संस्था उभी राहिली. तेथील डॉक्टरांनी २००० साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास आजही चर्चिला जातो. तीव्र नैराश्यासाठी रुग्णालयात दाखल झालेल्या ४५ रुग्णांचे १५-१५ चे तीन गट केले. एका गटाला वीजोपचार, दुसऱ्याला इमिप्रामिन ही गोळी आणि तिसऱ्याला श्वसनावर आधारलेली सुदर्शन क्रिया. चार आठवड्यांनंतर आजार ओसरलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ९३, ७३ आणि ६७ टक्के भरले. योगाचे समर्थक यातील शेवटचा आकडा सांगतात आणि पहिला वगळतात. दोन्ही सांगितले पाहिजेत. शिवाय हे रुग्ण चोवीस तास डॉक्टर व परिचारिकांच्या देखरेखीखाली होते आणि प्रत्येक गटात माणसे अवघी पंधरा होती, हेही विसरून चालणार नाही. पुढे २००७ मध्ये दिल्लीच्या मोरारजी देसाई राष्ट्रीय योग संस्थेच्या सहकार्याने निम्हान्समध्ये योगाचे प्रगत केंद्र सुरू झाले. तेथे योग शिकविला जातो तो उपचारांच्या जोडीला.

तिसरे काम अमेरिकेतले. न्यूयॉर्क आणि बोस्टन येथे सततच्या चिंतेने त्रस्त असलेल्या २२६ प्रौढांवर झालेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. बारा आठवड्यांनी योग करणाऱ्यांपैकी ५४ टक्क्यांना लक्षणीय आराम पडला, विचारपद्धती बदलण्याच्या मानसोपचाराने ७१ टक्क्यांना, आणि ताणाविषयी नुसती माहिती दिलेल्यांपैकी ३३ टक्क्यांना. म्हणजे योगाचा गुण येतो हे खरे, पण तो सर्वांत प्रभावी उपाय ठरला असे नाही. सहा महिन्यांनंतर पाहिले तेव्हा मानसोपचाराचा लाभ टिकून होता, योगाचा मात्र माहिती मिळालेल्या गटाहून ठळकपणे वेगळा दिसत नव्हता.

या सर्वांतून मी जो निष्कर्ष काढला तो एका वाक्यात असा: चिंता व नैराश्यात योग ही मोलाची जोड आहे, गोळ्या किंवा समुपदेशन यांच्या जागी ठेवायची वस्तू नव्हे, आणि तो सोहळा म्हणून नाही, तर रोजची मात्रा म्हणून घेतला तरच लागू पडतो.

भाचीने तो वर्ग सोडला. शेजारच्या संकुलात येणाऱ्या एक वयस्क कन्नडभाषक शिक्षिका तिला मिळाल्या. त्यांनी पहिल्या दिवशी कोणती औषधे चालू आहेत, झोप किती लागते, हे विचारून लिहून घेतले. अभ्यास रोज फक्त पस्तीस मिनिटांचा. सांधे मोकळे करणे, ताडासन, कटिचक्रासन, भुजंगासन, सेतुबंधासन. मग कुंभक न करता नाडीशोधन, भ्रामरी आणि शेवटी थोडा वेळ शवासन. कपालभाती व भस्त्रिका त्यांनी आरंभी वर्ज्य सांगितली, कारण घाबऱ्या जीवाला जलद श्वासाने आणखी घाबरे वाटू शकते. शवासन लांबवू दिले नाही आणि डोळे उघडे ठेवायला सांगितले. उदास माणूस डोळे मिटून फार वेळ पडून राहिला की त्याचे मन त्याच त्या विचारांच्या घाण्याला जुंपले जाते. पुण्याच्या अय्यंगार परंपरेतही उदासीसाठी छाती उघडणाऱ्या आसनांवर व डोळे उघडे ठेवण्यावर भर असतो.

पहिले दोन आठवडे काहीही फरक पडला नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण बहुतेक जण येथेच थांबतात. ती चार दिवस गेलीच नाही. मग तिचा नवरा तिच्याबरोबर जाऊ लागला आणि खंड भरून निघाला. एका वहीत ती रोज दोनच गोष्टी लिही: झोप किती तास, अभ्यास झाला की नाही. चौथ्या आठवड्यात वहीत पहिला बदल दिसला. तो मनःस्थितीत नव्हता, झोपेत होता. तीनऐवजी पाचला जाग येऊ लागली. त्यानंतर कधीतरी इब्लूरच्या सिग्नलला धडधड सुरू झाली, तेव्हा तिने चार अंक मोजत श्वास घेतला आणि आठ अंक मोजत सोडला. धडधड थांबली नाही, परंतु गाडीतून उतरून पळावेसे वाटले नाही. ती मला म्हणाली, "मामा, भीती गेली नाही. पण ती आली की आता मी तिथेच बसून राहू शकते." योगाने नेमके काय साधते याचे इतके नेमके वर्णन मला कोठल्याही ग्रंथात आढळलेले नाही.

सुमारे नऊ महिन्यांनी डॉक्टरांनी गोळीची मात्रा कमी करायला आरंभ केला आणि ती हळूहळू बंद केली. पुढच्या पावसाळ्यात उदासी पुन्हा डोकावली. त्या वेळी वहीतील झोपेचे तास उतरू लागलेले तिलाच दिसले आणि तिने आपण होऊन डॉक्टरांची वेळ घेतली. योगामुळे आजार कायमचा गेला असे मी म्हणणार नाही. आजाराची चाहूल वेळीच ओळखण्याइतकी ती स्वतःच्या शरीराशी परिचित झाली, असे म्हणेन.

हे असे का घडते? पतंजलींनी समाधिपादात चित्ताच्या विक्षेपांबरोबर येणारे सोबती सांगितले आहेत. दुःख, मनाची खिन्नता, अंगाचा कंप आणि श्वासाची विस्कटलेली लय. आजचा डॉक्टर चिंतेची लक्षणे विचारतो, ती जवळजवळ हीच. यातील श्वास ही एकच गोष्ट अशी आहे की जी आपोआपही चालते आणि आपल्या ताब्यातही येते. हृदयाचे ठोके किंवा पोटातील गोळा यांना आपण थेट आज्ञा देऊ शकत नाही, पण उच्छ्वास लांबवू शकतो. तो लांबला की शरीराला शांत करणाऱ्या मज्जासंस्थेचे काम वाढते व ठोके मंदावतात. बोस्टनमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निरोगी माणसांच्या एका गटाला बारा आठवडे अय्यंगार पद्धतीचा योग आणि दुसऱ्याला तितकेच श्रम होतील एवढे चालणे दिले होते. मनःस्थितीतील सुधारणा व चिंतेतील घट योग करणाऱ्यांत अधिक आढळली, आणि त्या सुधारणेचा संबंध मेंदूला शांत करणाऱ्या 'गाबा' या द्रव्याच्या वाढीशी दिसून आला.

येथे एक सावधगिरीचा इशारा आवश्यक आहे. भाचीच्या कार्यालयातही 'आरोग्य सप्ताह' झाला होता. दुपारी एक वाजता, दोन बैठकांच्या मध्ये, सभागृहात योग आणि दारात हजेरीची वही. रात्री अकराच्या बैठका मात्र जागच्या जागी. तिच्या सुधारणेत योगाइतकाच वाटा आणखी एका गोष्टीचा होता. तिच्या वरिष्ठांनी पुढे रात्रीच्या बैठका आठवड्यातून दोनच दिवसांवर आणल्या. असह्य परिस्थिती माणसाने निमूटपणे सोसावी यासाठी योगाचा वापर होऊ लागला, तर तो उपचार राहत नाही, व्यवस्थेची सोय होते. खासगी कंपनीला हे जितके लागू आहे तितकेच सरकारी कार्यालयालाही. आयुष मंत्रालयाने कामाच्या जागी करायचा पाच मिनिटांचा योगविराम २०२० मध्ये पुढे आणला आणि २०२१ मध्ये केंद्र सरकारने आपल्या कार्यालयांना त्याचा प्रसार करण्यास सांगितले. कल्पना उत्तम आहे. परंतु पाच मिनिटांचा विराम देऊन उरलेल्या बारा तासांचा हिशेब विचारायचाच नाही, हे बरे नव्हे.

आता प्रशासनाने काय करावे याकडे वळतो. निम्हान्सने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. महाराष्ट्र व कर्नाटक त्या बारांत नव्हती, तरी चित्र आपल्याला परके वाटणार नाही. दर वीस प्रौढांमागे एकाला आयुष्यात केव्हातरी नैराश्य आलेले होते, आणि चिंता-नैराश्यासारख्या आजारांच्या १०० रुग्णांपैकी ८० हून अधिक उपचारांपर्यंत पोचलेलेच नव्हते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने उपचार मिळणे हा हक्क केला आहे. पण हक्क कागदावरून घरापर्यंत पोचवायला माणूस लागतो. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून आहे, आणि त्याचा नमुना कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यातच निम्हान्सने घडविलेला होता. दुसरीकडे आयुषच्या १२,५०० आरोग्य केंद्रांना केंद्र सरकारने २०२० मध्ये मंजुरी दिली. एका कार्यक्रमाकडे मनाचे रुग्ण आहेत, दुसऱ्याकडे योग. दोन विभाग, दोन नस्त्या, दोन आढावा बैठका. माझ्या सूचना चारच आहेत.

पहिली, आढाव्याचा प्रश्न बदलावा. २१ जूनला किती आले हे जरूर विचारावे, पण त्यानंतर बारा आठवडे किती टिकले हेही विचारावे. या एका रकान्याने शिक्षकाचे कामच बदलेल, कारण मग गर्दी जमविण्यापेक्षा गळती थांबविणे महत्त्वाचे ठरेल.

दुसरी, प्रत्येक योगशिक्षकाच्या प्रशिक्षणात दोन नियम अनिवार्य असावेत. डॉक्टरांची गोळी थांबवायला सांगायचे नाही. आणि कोणी जगणे नकोसे झाल्याचे बोलला, तर त्याला एकटे न सोडता कुटुंबाला व डॉक्टरांना कळवायचे आणि १४४१६ हा क्रमांक लावून द्यायचा. टेली-मानस ही विनामूल्य सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे.

तिसरी, तालुका पातळीवर मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर आणि आयुष केंद्राचे योगशिक्षक यांनी महिन्यातून एकदा एका टेबलाशी बसावे. रुग्णाची संमती व गोपनीयता सांभाळून, कोणाला योगाची जोड द्यायची व कोणाला परत डॉक्टरांकडे पाठवायचे, एवढेच ठरवावे. याला नवे पद लागत नाही, नवा निधीही लागत नाही.

चौथी, कार्यालयप्रमुखांनी रजेच्या अर्जातील कारणांपलीकडे पाहावे. जो कर्मचारी वारंवार पोटदुखीची रजा घेतो आणि बोलेनासा झाला आहे, त्याला एकदा बसवून "झोप लागते का?" असे विचारावे. या प्रश्नात कोणाचा अवमान होत नाही, आणि उत्तरातून पुष्कळ कळते.

योगाकडे पाहण्याची आपली दृष्टी दोन टोकांना गेली आहे. एका बाजूला त्यालाच सर्वस्व मानून औषधे फेकायला सांगणारे, दुसऱ्या बाजूला त्याला ढोंग ठरवून हसणारे. मधली वाट कंटाळवाणी आहे. रोज पस्तीस मिनिटे, महिनोन्‌महिने, जोडीला औषध, जोडीला बोलायला माणूस. चांगले प्रशासनही बहुधा असेच कंटाळवाणे असते. त्याची छायाचित्रे निघत नाहीत. पण आपल्या एखाद्या तालुक्यात बारा आठवडे टिकलेल्या चाळीस माणसांची यादी तयार झाली, तर मैदानावरच्या चार हजारांच्या हजेरीहून मी तिचे मोल अधिक मानीन. ज्या तरुण अधिकाऱ्यांच्या हाती आज तालुका किंवा जिल्हा आहे, त्यांनी येत्या २१ जूनचा अहवाल पाठविल्यावर तो विषय बंद न करता सप्टेंबरच्या मध्यावर फेरआढाव्याची एक तारीख टाकून ठेवावी. बारा आठवडे तेव्हा पुरे होतात.